नौवहन महासंचालकांना खुले पत्र: बोटीवरच्या माणसाला आधी विचारा

प्रति,
मा. नौवहन महासंचालक,
नौवहन महासंचालनालय,
कांजूरमार्ग, मुंबई

महोदय,

एडनच्या आखातात आणि अरबी समुद्रात आपल्या नौदलाने डिसेंबर २०२३ पासून जे काम केलं, त्याबद्दल आधी लिहितो. ते गाळून थेट मागण्यांवर आलो, तर तुमच्या कार्यालयातला कुणीतरी ‘आणखी एक निवृत्त तक्रारखोर’ म्हणून हे पत्र बाजूला ठेवील, आणि त्याचं फारसं चुकणारही नाही.

२६ जानेवारी २०२४ ला ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरवर येमेनमधल्या हौथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र आदळलं. बोटीवर २२ भारतीय आणि १ बांगलादेशी होते, टाक्यांमध्ये नॅप्था होता. टँकरवर कधी पाय न ठेवलेल्यांसाठी सांगतो, नॅप्था पेट्रोलच्या जातीचा. त्याची वाफ ठिणगी शोधत फिरते. कार्गो टँक पेटला, उजव्या बाजूची लाइफबोट जळून गेली, तरी कॅप्टन अभिलाष रावत आणि त्यांची माणसं आगीशी भिडत राहिली. फोम संपला तेव्हा नुसत्या समुद्राच्या पाण्यावर त्यांनी आग रोखून धरली. मग ‘आयएनएस विशाखापट्टणम’ची अग्निशमन तुकडी बोटीवर चढली आणि आग विझली. त्या वर्षअखेरीस आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने लंडनमध्ये कॅप्टन रावत आणि त्यांच्या खलाशांना समुद्रावरच्या असामान्य शौर्याचा पुरस्कार दिला. मी जन्मभर इंजिनरूममध्ये घालवलेला माणूस. ती बातमी वाचताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: वर डेकवर आग असताना खाली फायर पंप चालू ठेवणारे कोण होते? त्यांची नावं बातमीत नव्हती. इंजिनरूमवाल्यांची सहसा नसतातच.

मार्चमध्ये ‘रुएन’ची कारवाई झाली. ‘आयएनएस कोलकाता’ने सुमारे ४० तास त्या अपहृत बोटीचा पिच्छा पुरवला, हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी जिवंत सुटले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. त्याआधी जानेवारीत ‘आयएनएस सुमित्रा’ने एका इराणी मासेमारी बोटीवरच्या १९ पाकिस्तानी खलाशांना सोडवलं होतं. नौदलाच्याच हिशेबाप्रमाणे पहिल्या शंभर दिवसांत ११० जीव वाचले, त्यांतले ४५ भारतीय. समुद्रावर बुडणाऱ्याचा पासपोर्ट कुणी पाहत नाही, ही जुनी रीत नौदलाने पाळली, याचा मला अभिमान आहे.

पण हे सगळं क्षेपणास्त्र आदळल्यानंतरचं आहे, चाचा बोटीवर चढल्यानंतरचं. माझं पत्र त्याच्या आधीच्या तासांबद्दल आहे. ते तास एडनच्या आखातात जात नाहीत. ते जातात सीबीडी बेलापूरच्या आणि अंधेरीच्या मॅनिंग ऑफिसांत, म्हणजे बोटींवर खलाशी पाठवणाऱ्या एजंटांकडे, आणि त्या ऑफिसांना लागणारा परवाना तुमच्या सहीने मिळतो. म्हणून हे पत्र नौदलप्रमुखांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

बोट लाल समुद्रातून न्यायची की केप ऑफ गुड होपला वळसा घालायचा, हे कोण ठरवतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या घरांना ठाऊक असेलच असं नाही. ठरवतात मालक, माल भाड्याने नेणारा चार्टरर आणि विमावाले. वळसा म्हणजे दहा-चौदा दिवस जास्तीचे आणि तेवढं इंधन. लाल समुद्र म्हणजे युद्धजोखमीचा विमा, जो २०२४ च्या सुरुवातीला बोटीच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास पोचला होता. पाच कोटी डॉलरची बोट असेल तर एका खेपेला पाच लाख डॉलर. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडायचे आणि स्वस्त पडेल तो रस्ता घ्यायचा. खलाशांचा जोखीम-बोनससुद्धा त्या हिशेबात असतो, पण तो इतका किरकोळ असतो की त्याने निर्णय इकडचा तिकडे होत नाही. कॅप्टनला रस्ता कळतो. बोसनला, फिटरला, मेसमनला तो कळतो सुएझजवळ आल्यावर, रेलिंगला रेझर वायर गुंडाळायला सांगतात तेव्हा.

नकार देता येतो का? कागदावर येतो. खलाशांच्या युनियनांचा आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ (आयटीएफ) आणि बोटमालक यांच्यात आयबीएफ करार आहे. त्याने जो पट्टा युद्धसदृश ठरवलाय, तिथे जायला खलाशी नाही म्हणू शकतो. मग कंपनीने त्याला स्वखर्चाने घरी पाठवायचं आणि दोन महिन्यांचा मूळ पगार भरपाई द्यायची. गेलाच, तर त्या पट्ट्यातल्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट आणि मृत्यू वा अपंगत्वाची भरपाईही दुप्पट. करार चांगला आहे. फक्त तो ज्या बोटींना लागू आहे त्यांनाच लागू आहे. आपली कोकणातली, कोल्हापूर-साताऱ्याकडची कितीतरी पोरं ज्या जुन्या, लहान मालकांच्या बोटींवर पहिली नोकरी धरतात, तिथे या कराराचं नावही कुणी ऐकलेलं नसतं.

आणि करार असला तरी नकार देणार कोण? आमच्या दापोली तालुक्यातल्या एका ओएसने, म्हणजे सगळ्यात खालच्या हुद्द्याच्या डेकवरच्या खलाशाने, जॉइनिंगच्या आधी ऑफिसात विचारलं की बोट कुठून जाणार आहे. उत्तर मिळालं, “तुला जायचंय की नाही ते सांग, मागे लाइन आहे.” पोरगा गेला. कोर्स, सीडीसी (खलाशाची नोंदपुस्तिका), इंडॉस (नोंदणी क्रमांक), मेडिकल या सगळ्यांसाठी घरच्यांनी कर्ज काढलेलं. तो नाही म्हणाला असता तर त्याचं नाव कुठल्या काळ्या यादीत कुणी लिहिलं नसतं. फक्त पुढच्या वेळी फोन आला नसता, आणि न आलेल्या फोनचा पुरावा कुठल्याच फाइलीत सापडत नाही.

मालकीचा प्रश्न तर याहून विचित्र आहे. हौथींनी बोटी निवडल्या त्या मालकाचा, झेंड्याचा, बंदराचा इस्रायलशी, आणि जानेवारी २०२४ च्या हवाई हल्ल्यांनंतर अमेरिका-ब्रिटनशी, असलेला संबंध पाहून. कधी तो संबंध खरा होता, कधी सहा महिन्यांपूर्वीच्या जुन्या नोंदीतला. ‘गॅलेक्सी लीडर’ १९ नोव्हेंबर २०२३ ला पकडली गेली तेव्हा ती तुर्कस्तानहून आपल्याच पिपावावला यायला निघाली होती. झेंडा बहामाचा, चालवणारी कंपनी जपानी, मालकीचा धागा एका इस्रायली उद्योजकाशी जोडलेला. वरचे २५ खलाशी फिलिपिन्स, युक्रेन, बल्गेरिया, रोमानिया आणि मेक्सिकोचे. ते सुटले २२ जानेवारी २०२५ ला, म्हणजे चौदा महिन्यांनी. ज्या मालकीपायी त्यांनी कैद भोगली, ती मालकी त्यांच्यातल्या कितीजणांना जॉइन होताना सांगितली गेली असेल? मी नोकरीत असताना मला माझ्या बोटीचा खरा मालक कोण हे बहुतेक वेळा कधीच कळलं नाही. तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं. आता ती माहिती म्हणजे जीवरक्षक साधन आहे, लाइफजॅकेटइतकंच.

आता मदतीच्या मालाबद्दल. ‘संघर्षग्रस्त भागात मानवतावादी मदत’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर विमान येतं. २२ ऑक्टोबर २०२३ ला हवाई दलाचं सी-१७ गाझासाठी इजिप्तमधल्या अल-अरिशला उतरलं, त्यात साडेसहा टन औषधं आणि ३२ टन इतर साहित्य होतं. योग्य आणि वेळेवर केलेलं काम. पण ३८ टनांनी उपासमार हटत नाही. २०२० साली ‘आयएनएस ऐरावत’ने सुदान, दक्षिण सुदान, जिबूती आणि इरिट्रियासाठी २७० टन धान्य नेलं, हेही युद्धनौकेच्या मानाने भरपूर. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ‘ब्रेव्ह कमांडर’ ही एक साधी बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल नेणारी बोट, युक्रेनहून इथिओपियाच्या भुकेल्यांसाठी २३,००० टन गहू घेऊन जिबूतीला निघाली. एका खेपेत. काळ्या समुद्राच्या धान्य करारातून वर्षभरात सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य बाहेर पडलं, तेही सगळं व्यापारी बोटींनीच. गाझाच्या किनाऱ्यावर अमेरिकेने तरता धक्का बांधला, त्याला कोट्यवधी डॉलर लागले, लाटांनी तो मोडला, पुन्हा जोडला, आणि दोनेक महिन्यांत तो गुंडाळला. बंदर, बोट आणि बोटीवरची माणसं यांना पर्याय काढणं किती महाग पडतं, ते तिथे दिसलं.

येमेन आपला गहू जवळपास सगळा बाहेरून आणतो, आणि देशाच्या आयातीतला फार मोठा वाटा एकट्या होदैदा बंदरातून आत येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये हौथींनी ‘सी चॅम्पियन’ नावाच्या बोटीवर क्षेपणास्त्रं डागली, ती एडनला धान्य घेऊन चालली होती. ज्यांच्या नावाने लढतो म्हणायचं त्यांच्याच ताटातलं. बोट तरी एडनला पोचली. तिच्यावरच्या माणसांनी तिथे पोचायचं ठरवलं म्हणून पोचली, हे वाक्य कुठल्याही सरकारच्या पत्रकात नव्हतं.

मदत कुठली आणि युद्धसाहित्य कुठलं, हा घोळ खलाशाच्या गळ्यात कसा पडतो याचं उदाहरण ‘रवाबी’. २ जानेवारी २०२२ ला हौथींनी ही अमिरातीची बोट पकडली. हौथींशी लढणाऱ्या सौदी आघाडीचं म्हणणं, तिच्यात सोकोत्रा बेटावरच्या बंद केलेल्या फील्ड हॉस्पिटलचं सामान आहे. हौथींचं म्हणणं, लष्करी साहित्य आहे, आणि त्यांनी त्याची चित्रंही दाखवली. खरं काय ते त्या दोघांनी पाहून घ्यावं. बोटीवर ११ खलाशी होते, त्यांतले ७ भारतीय, आणि ते ओमानच्या मध्यस्थीने सुटले एप्रिलच्या अखेरीस. मॅनिफेस्टवर, म्हणजे मालाच्या यादीवर, ‘हॉस्पिटल’ लिहिलंय म्हणून सही करणाऱ्या चीफ ऑफिसरला माल बांधलेल्या प्रत्येक लॅशिंगखाली काय आहे ते उकलून बघता येत नाही. ते बघणं बंदराचं, मालकाचं आणि सरकारांचं काम. ‘मदत’ हा शब्द लावून जाणाऱ्या प्रत्येक मालाची त्रयस्थाकडून तपासणी झालीय, याचा कागद बोटीवर असला पाहिजे. होदैदाला जाणाऱ्या मालासाठी संयुक्त राष्ट्रांची तपासणी जिबूतीहून चालत आली आहे, म्हणजे ही कल्पना काही आकाशातली नाही.

आणि गलबतं. यांच्याबद्दल मुंबईत कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा सविस्तर बोलतो. बाणकोट, हर्णै, जैतापूरची गलबतं कधीच इतिहासजमा झाली, पण गुजरातच्या मांडवी आणि सलायाची लाकडी गलबतं अजून दुबई-शारजाहून तांदूळ, साखर, गहू, तेलाचे डबे घेऊन सोमालिया-येमेनच्या अशा धक्क्यांवर जातात, जिथे मोठी बोट धक्क्याला लागू शकत नाही आणि संयुक्त राष्ट्रांचा ट्रकही पोचत नाही. तिथल्या बाजारात धान्य दिसतं ते पुष्कळदा या गलबतांमुळे. मार्च २०१० मध्ये चाच्यांनी एकामागून एक गलबतं पळवली, तेव्हा तुमच्या महासंचालनालयाने ओमानमधलं सलालाह ते मालदीवचं माले या रेषेच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला त्यांना जायला बंदी केली. त्या घडीला बरोबरच होतं ते. पण बंदीने भूक थांबली नाही आणि गलबतंही थांबली नाहीत. २०१७ च्या वसंतात ‘अल कौसर’ हे गलबत ११ भारतीयांसह पळवलं गेलं, ते गहू-साखर घेऊन सोमालियातल्या बोसासोलाच निघालं होतं. त्याआधी सप्टेंबर २०१५ मध्ये होदैदाच्या खालच्या किनाऱ्यावर भारतीय गलबतं हवाई हल्ल्यात सापडली आणि आपले काही खलाशी त्यात गेले. बंदी असलेल्या पाण्यात मेलेल्या माणसाच्या विधवेने विम्याचा दावा कुणाकडे करायचा? बंदीचा कागद सरकारला झाकतो. तांडेलाला, म्हणजे गलबताच्या कप्तानाला, आणि त्याच्या पोरांना तो उघडं पाडतो. एकतर ती बंदी खरी करा आणि त्या माणसांना दुसरं काम द्या, नाहीतर त्यांचं जाणं मान्य करून त्यांना नोंदणी, ठावठिकाणा कळवणारा ट्रान्सपाँडर, विमा आणि नौदलाच्या गस्तीचं वेळापत्रक द्या. मला स्वतःला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण त्या किनाऱ्यावरच्या लोकांनाही जेवायचं आहे.

तुम्ही म्हणाल, परदेशी झेंड्याच्या बोटीवर आमचा कायदा चालत नाही. खरंय. ‘मार्लिन लुआंडा’ मार्शल बेटांची. डिसेंबर २०२३ मध्ये पोरबंदरपासून सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांवर ड्रोन लागलेली ‘केम प्लुटो’ लायबेरियाची, तरी वरचे २२ पैकी २१ भारतीय होते आणि तटरक्षक दलाची ‘विक्रम’ त्यांना मुंबईपर्यंत सोबत करत घेऊन आली. बोटीवर कायदा चालत नाही, पण बोटीवर माणूस पाठवणाऱ्या एजंटवर चालतो. २०१६ च्या भरती नियमांखाली खलाशी भरतीचा आरपीएसएल परवाना तुम्ही देता आणि तुम्हीच रद्द करता. आता १९५८ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा मर्चंट शिपिंग कायदा संसदेने मंजूर केलाय आणि त्याखालचे नियम घडवायचे आहेत. जे म्हणायचंय ते याच वेळी म्हटलं पाहिजे.

त्या नियमांत एवढं घाला. परवानाधारक एजंटमार्फत जाणाऱ्या प्रत्येक भारतीय खलाशाला, बोट कुठल्याही झेंड्याची असो आणि तिला युनियनचा करार असो वा नसो, युद्धसदृश पट्ट्यात जायला नकार देण्याचा हक्क असेल, भरपाईसह. पट्टा कुठला ते मालक ठरवणार नाही, तुम्ही ठरवाल. जॉइनिंगच्या आधी त्याच्या भाषेत एक पान त्याच्या हातात पडेल: अपेक्षित मार्ग, खरा मालक, चार्टरर, युद्धजोखमीचा विमा कुणाचा आणि किती रकमेचा. प्रवास सुरू झाल्यावर मार्ग बदलला तर त्या पट्ट्यात शिरण्याआधी पुन्हा विचारलं जाईल, आणि तेही अशा बंदरात जिथून उतरून घरी जाता येईल. भर समुद्रात ‘बोल, येतोस का’ विचारण्याला विचारणं म्हणत नाहीत. आणि नकार देणाऱ्याला त्याच एजंटने ठरावीक मुदतीत दुसरी बोट दिली नाही, तर का दिली नाही हे एजंटने तुम्हाला लेखी सांगायचं. पुरावा आणायचं ओझं पोराच्या डोक्यावर ठेवलंत तर बाकी सगळं लिहून काही उपयोग नाही.

मालक भारतीयांना घेणंच बंद करतील, ही भीती मला माहीत आहे. बेलापूरच्या प्रत्येक ऑफिसात ती ऐकवली जाते. फिलिपिन्सने २०२४ मध्ये लाल समुद्रात जायला नकार देण्याचा आपल्या खलाशांचा हक्क सरकारी आदेशाने पक्का केला. ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या बोटीवर मार्च २०२४ मध्ये हौथींच्या हल्ल्यात दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी खलाशी मारले गेले होते, बाकीच्यांना आपल्याच ‘कोलकाता’ने लाइफराफ्टवरून वाचवलं होतं, त्यानंतर तिथलं सरकार आणखी कडक झालं. तरी जगातल्या बोटींवर फिलिपिनो आजही सगळ्यात मोठ्या संख्येने दिसतात. मालकांना माणसं हवीतच.

मग धोक्याच्या पाण्यात मदत नेणार कोण? स्वेच्छेने जाणारे नेतील, आणि ते मिळतात. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांना दुप्पट पगार, खरा विमा आणि खरी माहिती दिली तर ती होदैदालाही जातील, पोर्ट सुदानलाही. अशांची एक यादी महासंचालनालयाने ठेवावी. भारत सरकारच्या किंवा संयुक्त राष्ट्रांच्या मदतीचा माल जाणार असेल तेव्हा त्या यादीतून माणसं घ्यावीत, विम्याची हमी सरकारने घ्यावी, आणि अशा बोटीला सोबत करायला कुठली युद्धनौका आहे ते निघायच्या आधी कॅप्टनच्या हातात असावं. आज युद्धनौका आणि बोट एकमेकांना भेटतात ती संकटाच्या वेळी, रेडिओवर.

घरच्यांबद्दल एकच गोष्ट. बोटीला काही झालं की खेड-दापोलीच्या घरात बातमी येते ती टीव्हीवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून, बोटीचं नाव अर्धवट, कधी चुकीचं. एजंटचा फोन लागत नाही, लागला तर “हेड ऑफिसला विचारतो” एवढंच. तुमच्या नियंत्रण कक्षाकडे बोट आणि माणसांची माहिती सगळ्यांच्या आधी येते. तिथे मराठी, गुजराती, तमिळ, मल्याळम बोलणारा एक माणूस चोवीस तास बसवा आणि त्याने घरी आपणहून फोन करावा, वाईट बातमी असली तरी.

नियमांचा मसुदा हरकतींसाठी खुला करताना त्याची या भाषांतली प्रतही काढा, आणि मुदत एवढी ठेवा की आता बोटीवर असलेला माणूस साइन ऑफ करून घरी येईल आणि वाचून काही म्हणू शकेल. ज्यांच्यासाठी नियम आहेत त्यांतले बरेचजण ऐन मुदतीत समुद्रावर असतात.

आपला,
दापोली तालुक्यातला एक निवृत्त चीफ इंजिनिअर